बुडीत खोऱ्याचा चित्रकार

ओरिजित सेन यांचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ मी मामांना वाचायला दिलं ते मुद्दाम. मामा पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. निवृत्तीनंतर नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, सावेडीत असतात. त्यांचा जन्म शेवगाव तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका गावातला, आणि ते गाव आज जायकवाडीच्या नाथसागराच्या पोटात आहे. जो स्वतः विस्थापित आहे आणि ज्यानं उमर धरणाकालव्यांच्या नोकरीत घालवली, त्याला नर्मदेच्या धरणावरची चित्रकथा कशी वाटते, हे मला ऐकायचं होतं. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि मुलांकडून झेरॉक्सवर छापायच्या चित्रकथा करून घेते. त्यामुळे माझा कल कुणीकडे आहे हे उघड आहे. आमचा वाद मिटला नाही. बोलणं जसं झालं तसं, थोडं आवरून, इथे देते.

मामा: हात चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पहिला प्रश्न हा, की काढलं कुणासाठी? नर्मदेच्या खोऱ्यातला भिल्ल, पावरा हे वाचणार नाही, कारण ते इंग्रजीत आहे. ज्याच्या शेतात कॅनॉलचं पाणी येणार तोही वाचणार नाही. मग उरलं कोण? ज्यांचं काही बुडत नाही आणि काही भिजतही नाही, ते शहरातले लोक.

मी: मामा, त्यांच्यासाठीच काढलं असं समजा. पुस्तकातला वार्ताहर, विष्णू, शहरातलाच आहे. तो खोऱ्यात जातो, लोकांचं ऐकतो. दुसरीकडे मलगू गायण सृष्टी कशी झाली, नदी कशी आली हे गातो. सेननी या दोन धाग्यांना दोन वेगळे हात दिलेत. वार्ताहराचा भाग नेमक्या, स्वच्छ रेषेत आहे. गाण्याचा भाग मोकळा, पसरलेला. दिल्ली-मुंबईत बसून ‘राष्ट्रीय विकास’ म्हणणाऱ्या माणसाला दुसरा आवाज ऐकू यावा, एवढंच त्याला करायचं होतं.

मामा: आणि किती जणांना ऐकू गेला? तूच सांगितलंस, पहिल्या खेपेला हजाराच्या आत प्रती निघाल्या. वेताळाची इंद्रजाल कॉमिक्स आम्ही एसटी स्टँडवर घ्यायचो, एक अंक अख्ख्या आळीत फिरायचा. त्याला म्हणतात पोहोचणं.

मी: वेताळ पोहोचला कारण त्याच्यामागे टाइम्सचा छापखाना होता. अमर चित्रकथाही १९६७ पासून घरोघरी गेली. पण त्या अंकांत धरणावरून उठवलेला माणूस येऊ शकला असता का? सेन यांचं पुस्तक १९९४ साली ‘कल्पवृक्ष’नं काढलं. ही काही प्रकाशनसंस्था नव्हे. १९७९ मध्ये दिल्लीच्या रिजवरचं जंगल वाचवायला विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा पर्यावरणवाल्यांचा गट, आज त्याचं काम पुण्यातूनही चालतं. १९८३ मध्ये याच मंडळींनी नर्मदेच्या काठाकाठानं जाऊन खोरं पाहिलं होतं. त्या काळी मोठ्यांसाठी, आजच्या प्रश्नावर, पुस्तकभर लांबीची चित्रकथा भारतात नव्हती. दुकानदारानं हे पुस्तक कुठल्या फळीवर ठेवायचं हासुद्धा प्रश्नच होता. भारतातली पहिली ग्राफिक कादंबरी म्हणून आज त्याचं नाव घेतात, तेव्हा मात्र ते हातोहात फिरलं आणि संपलं.

मामांनी इथे पुस्तकाची शेवटची पानं उलटून पाहिली. त्यांना पैशांचा हिशेब नेहमी आधी लागतो, आणि तो लागावाच अशी त्यांची नोकरी होती.

मामा: छापायला पैसा कुणाचा? केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचं अनुदान. म्हणजे सरकारच्याच पैशानं सरकारच्या धरणाला विरोध. मग याला तू भूमिगत चित्रकथा का म्हणतेस? भूमिगत म्हणजे आपले अच्युतराव पटवर्धन. बेचाळीस साली इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. त्यांच्या डोक्यावर वॉरंट होतं.

मी: अच्युतरावांची बरोबरी कुणीच करणार नाही. चित्रकथेच्या जगात हे नाव वेगळ्या वाटेनं आलं. अमेरिकेत १९५४ साली प्रकाशकांनी स्वतःवर एक नियमावली लादून घेतली. तिचा शिक्का नसला तर विक्रेते अंक ठेवत नसत. लैंगिकता, पोलिसांवरची टीका, सगळं हद्दपार. मग १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रॉबर्ट क्रम्बनं ‘झॅप’चा पहिला अंक बाबागाडीत घालून रस्त्यावर विकला. नेहमीच्या विक्रीच्या साखळीला टाळून, स्वतः काढायचं, स्वतः छापायचं, स्वतः विकायचं, ही त्या लोकांची रीत. सेन त्या रीतीतले.

मामा: क्रम्बची चित्रं तू मला दाखवली होतीस. बायकांची आणि काळ्या माणसांची जी रूपं त्यानं काढलीत, ती माझ्या घरात मी ठेवणार नाही.

मी: मीही त्यांची बाजू घेणार नाही. ज्याच्या हातात सगळी मोकळीक आली त्यानं ती दुबळ्यांवर वापरली, तर ते बंड माझ्या उपयोगाचं नाही. पण त्याच वाटेनं आलेल्या आर्ट स्पीगेलमननं बापाची छळछावणीतली कहाणी उंदीर-मांजरांच्या रूपात काढली आणि १९९२ मध्ये त्याला पुलित्झर मिळालं. आणि आपल्याकडे? ‘शब्द’ सायक्लोस्टाइल करून निघत होता, अशोक शहाण्यांचा ‘असो’ निघत होता, तेव्हा हजार प्रतींचा हिशेब कुणी मागितला? अरुण कोलटकर जाहिरातींच्या कंपन्यांत काम करून पोट भरत होते आणि कविता कुणाच्या बाजारात नेत नव्हते. मराठी वाचकाला हे नवीन नाही, मामा. चित्रांच्या बाबतीत आपण विसरतो, इतकंच.

मामा: बरं, माणसाचं आयुष्य सांग. पुस्तक बाजूला ठेव. जगला कसा?

मला हा प्रश्न आवडला. कलावंताबद्दल बोलताना पोटाचा विषय आपण घाईनं टाळतो, आणि मग तरुण मुलं एक तर कलेकडे फिरकत नाहीत, नाही तर उपाशी राहण्यालाच थोरपण समजतात.

मी: जन्म १९६३, कलकत्ता. शिक्षण अहमदाबादच्या एनआयडीत, ग्राफिक डिझाइनचं. त्या पदवीवर जाहिरातीत चांगली नोकरी मिळाली असती. त्यांनी १९९० मध्ये पत्नी गुरप्रीत सिद्धू यांच्यासोबत दिल्लीत ‘पीपल ट्री’ सुरू केलं. ते दुकानही होतं आणि कारागिरांचा, चित्रकारांचा अड्डाही. छापील टी-शर्ट, ठशांचे कपडे, पुस्तकं. त्याच सुमारास ते नर्मदेच्या खोऱ्यात जाऊ लागले. दुकानामुळे चूल पेटत होती, म्हणून पुस्तकात कुणाची मर्जी सांभाळावी लागली नाही.

मामा: म्हणजे टी-शर्ट विकून आंदोलन.

मी: टी-शर्ट विकून स्वातंत्र्य, असं म्हणा. अनुदानावर जन्मभर राहिले असते तर तुमचा आरोप मला मान्य करावा लागला असता. २०१८ मध्ये काय झालं तेही ऐका. ‘पीपल ट्री’च्या लक्षात आलं, की एका मासिकाच्या मुखपृष्ठावर सोनम कपूरनं घातलेल्या दिओरच्या पोशाखावर जी नक्षी आहे, ती सेन यांनी कित्येक वर्षांपूर्वी काढलेल्या योगासनांच्या ठशांशी जुळते. पॅरिसचं एवढं मोठं घराणं, आणि समोर एक छोटं दुकान. ते गप्प बसले नाहीत, उघडपणे बोलले. शेवटी कोर्टाबाहेर तडजोड झाली.

मामा: हे बरं केलं. ठसे मारणारा माणूस कधी कोर्टात पोहोचत नाही. पण माझा खरा आक्षेप पुढचाच आहे. १९९४ नंतर त्या ताकदीचं दुसरं सलग पुस्तक कुठं आहे? पंजाब सरकारचं काम केलं म्हणतेस. आधी सरकारविरुद्ध, मग सरकारी संग्रहालयात.

मी: आनंदपूर साहिबचं ‘विरासत-ए-खालसा’. मोशे सफदी या वास्तुविशारदाची इमारत, २०११ मध्ये खुली झाली. आत अनेक मजले उंच भिंतीवर पंजाबचं रोजचं जगणं रंगवलंय. शेतं, बाजार, घरं, सण, ट्रक, नांगर, सगळं. पाहणारा माणूस चढत जातो आणि चित्र त्याच्याबरोबर सरकतं. राजेमहाराजांच्या तसबिरी मागितल्या जातात तिथे त्यांनी शेतकरी उभा केला. शिवाय सारनाथ बॅनर्जी, विश्वज्योती घोष, परिस्मिता सिंग, अमिताभ कुमार यांच्याबरोबर ‘पाओ’ हा चित्रकथाकारांचा गट. त्यांचा संग्रह २०१२ मध्ये पेंग्विननं काढला. त्याआधी १९९९ मध्ये कचरा वेचणाऱ्या मुलांवरचं ‘ट्रॅश’ आहे. मग गोवा विद्यापीठात मारिओ मिरांडांच्या नावाच्या अध्यासनावर गेले, आणि विद्यार्थ्यांना घेऊन म्हापशाचा बाजार नकाशात उतरवायला बसले. शुक्रवारचा बाजार आठवा. कोण कुठे बसतं, काय विकतं, माल कुठून आणतं, हे विचारत विचारत चित्रं. भोपाळच्या एकतारा संस्थेचं मुलांचं ‘कॉमिक्सेन्स’ही तेच संपादतात. दुसरी कादंबरी नाही म्हणून कारकीर्द थांबली असं मला वाटत नाही. ते एकट्यानं पुस्तक काढण्याकडून दुसऱ्यांना काढायला शिकवण्याकडे गेले.

मामा: मास्तरीण आहेस म्हणून तुला तसं वाटतं. मला विचारशील तर माणसाकडे जे एक काम होतं ते त्यानं एकदाच केलं.

या मुद्द्यावर मामांचं म्हणणं मला पूर्ण खोडता आलेलं नाही. भिंतचित्र, बाजाराचा नकाशा, मासिक ही सगळी मोठी कामं आहेत, तरी ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’चा वाचक म्हणून मलाही दुसऱ्या नदीची वाट होती.

मग बोलणं धरणावर आलं, आणि मामांचा आवाज बदलला.

मामा: बहात्तरच्या दुष्काळात मी सतरा वर्षांचा होतो. खडी फोडली. सुकडी खाल्ली. गुरं सोडून दिलेली पाहिली. तुझ्या पिढीला पाण्याची टंचाई म्हणजे टँकर उशिरा येणं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला झालं, म्हणून श्रीरामपूर-राहात्याला ऊस उभा राहिला, म्हणून १९५० ला प्रवरानगरचा सहकारी कारखाना निघाला, म्हणून त्या पट्ट्यात शाळा-कॉलेजं झाली. मुळा धरण नसतं तर राहुरी-नेवाशाची शेती काय असती? नर्मदेवरच्या सरदार सरोवराचं पाणी सौराष्ट्र-कच्छात प्यायला गेलं, ही गोष्ट खरी की खोटी? कालव्याच्या टेलचा शेतकरी रात्री दोन वाजता दारे धरायला जातो. तो या पुस्तकाचा नायक नाही. म्हणून मी याला अर्धी गोष्ट म्हणतो.

मी: अर्धी आहेच. पण दुसरी अर्धी आधीच सगळीकडे छापलेली होती, मामा. पाटबंधारे मंत्र्यांच्या भाषणात, पाठ्यपुस्तकात, कोनशिलेवर. नर्मदेच्या पाणीवाटप लवादाचा निवाडा १९७९ चा. महाराष्ट्राच्या वाट्याला आली सत्तावीस टक्के वीज; आणि गेली सातपुड्यातली ३३ गावं. मणिबेली, अक्कलकुवा तालुका, तेव्हाचा धुळे जिल्हा. आपल्या राज्यातलं पाण्याखाली जाणारं पहिलं गाव, १९९३. जागतिक बँकेनं स्वतः नेमलेल्या मोर्स समितीनं १९९२ मध्ये पुनर्वसनावर ताशेरे ओढले आणि पुढच्या वर्षी बँकेचं कर्ज थांबलं. हे सगळं आपल्या दारात घडत होतं. त्याची चित्रकथा काढली कलकत्त्यात जन्मलेल्या माणसानं. मराठी चित्रकारांनी का नाही, हा प्रश्न मला छळतो.

मामा: आणि तरी धरण झालंच. २०१७ ला लोकार्पण. पारनेरच्या सेनापती बापटांनी १९२१ ला मुळशीत सत्याग्रह केला, तुरुंगात गेले. मुळशीचं धरण झालंच. मग गाण्यानं, चित्रानं काय थांबलं?

मी: काही थांबलं नाही. पण विनायकराव भुसकुट्यांनी मुळशीवर पुस्तक लिहून ठेवलं, म्हणून मावळातला शेतकरी काय म्हणाला होता हे आज कळतं. थांबवणं आणि नोंद ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम चित्रकार करू शकतो. आपल्याच नगरचं उदाहरण घ्या. ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ ही निजामशाहीतली सचित्र पोथी, तालीकोटच्या लढाईच्या सुमाराची, आज पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. चित्रांत हुसेन निजामशहाबरोबर त्याची बेगम खुंजा हुमायून होती, चांदबिबीची आई. नवऱ्यामागे तिनं कारभार पाहिला, मग मुलानंच तिला कैदेत टाकलं, आणि बहुतेक चित्रांतून तिची आकृती पुसली गेली. आज पोथी पाहिली की ती पुसलेली जागाच आधी डोळ्यांत भरते. चित्रातून माणूस काढला तरी तो होता हे चित्र सांगतं. जे मुळात काढलंच नाही, त्याचं मात्र काहीच उरत नाही.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी माझ्या वहीतला एक कोरा कागद मागितला.

मामा: मी काही चित्रकार नाही. पण प्लॅन काढता येतो. ही गोदावरी. हा घाट, सतरा पायऱ्या. हा मारुती, हा चावडीचा ओटा, इथे तुझ्या आजोबांचा वाडा, मागे कडुनिंब. हा रस्ता पैठणला जायचा. १९६५ ला शास्त्रीजींनी जायकवाडीची कोनशिला बसवली, तेव्हा आमच्या गावचे लोक ऐकायला गेले होते. गावात कुणी विरोध केला नाही. धरण देशाचं आहे म्हणाले. ७६ ला इंदिराबाईंच्या हस्ते लोकार्पण झालं तोवर आम्ही उठलो होतो. मोजणी झाली, पंचनामा झाला, घराच्या दगडालाकडाची किंमत लावली. घाटाची किंमत कुणी लावली नाही, कारण तो कुणाच्या नावावर नव्हता. दुष्काळात पाणी खाली गेलं की लोक जाऊन पाहून येतात. मी गेलो नाही.

मी: हे काढायला नको होतं का कुणी? तेव्हाच?

मामा: काढायला हवं होतं. पण ऐक, त्यामुळे माझं मत बदललं असं लिहू नकोस. धरण हवंच होतं. आमच्या गावानं ते जाणून दिलं. आमची तक्रार धरणाबद्दल नव्हती, नंतर आम्हाला कुणी विचारलं नाही याबद्दल होती. तुझ्या सेननी काढलेला माणूस उठायला तयार नाही. आम्ही तयार होतो. आमच्यासारख्यांची गोष्ट त्याच्या पुस्तकात बसत नाही.

हे मला आधी सुचलंच नव्हतं. नर्मदेच्या चित्रकथेत नगर जिल्ह्याची चित्रकथा मावत नाही. इथली माणसं बुडाली आणि भिजलीही. एकाच कुटुंबात एक भाऊ पुनर्वसनाच्या गावठाणात आणि दुसरा बागायतदार. ही गुंतागुंत काढायला दुसरा हात लागेल, आणि तो इथलाच असावा.

मामा: आणि इंग्रजीत नको.

मी: मराठीतच. छापखान्याचीही गरज नाही. एका ए-फोर कागदाला घड्या घातल्या, मधे एक चीर दिली, की आठ पानांची पुस्तिका होते. शरद शर्मांच्या ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’नं वर्षानुवर्षं हेच केलंय. गावातल्या माणसानं स्वतःची गोष्ट चार चौकटींत काढायची आणि गावातच भिंतीवर लावायची. मग ‘कुणासाठी काढलं’ हा तुमचा पहिला प्रश्नच उरत नाही.

मामा: तो प्रश्न उरतो. भिंतीवर लावलेलं पावसात जातं. सेनचं पुस्तक अठ्ठावीस वर्षांनी पुन्हा छापता आलं, कारण ते पुस्तक होतं.

हेही खरं आहे. चेन्नईच्या ‘ब्लाफ्ट’नं २०२२ मध्ये अरुंधती रॉय यांच्या प्रस्तावनेसह ते पुन्हा काढलं, म्हणूनच ते माझ्या आणि मामांच्या हाती आलं. मधली इतकी वर्षं ते जवळजवळ कुणालाच मिळत नव्हतं. अशा चित्रकाराची कारकीर्द पहिल्या आवृत्तीच्या आकड्यावर तोलली तर ती किरकोळ ठरते. माझ्या मते ती किरकोळ नाही. दुकानाच्या कमाईवर उभं राहून, धरण पूर्ण भरायच्या आधी, ज्यानं एका खोऱ्याची नोंद केली, त्याला मी आपल्या काळातला महत्त्वाचा चित्रकार मानते. मामा त्याला अर्ध्या गोष्टीचा चांगला चित्रकार मानतात.

मामांचा नकाशा आता आमच्या शाळेत आहे आणि मुलं त्यावरून चौकटी पाडत आहेत. शेवगाव, नेवासा, राहुरी, अकोले या तालुक्यांत ज्यांच्या घरी बुडीत गावाचा फोटो, संपादनाची नोटीस, जुना सातबारा असेल, त्यांनी तो जवळच्या चित्र काढणाऱ्या मुलापुढे ठेवावा आणि सोबत बसून सांगावं. ज्यांची शेती त्या पाण्यावर उभी राहिली, त्यांनीही यावं; मामांची ती अट आहे आणि मला मान्य आहे. सांगणारी माणसं आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत, तेव्हा हे काम याच उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरू करा.